तांबड्या फडक्यातलं हत्तीचं डोकं

च्यांगमाय,
आठव्या महिन्याची वद्य षष्ठी, भर दुपार

तीर्थरूप थोरले मामा नान इन्ता यांच्या पायांशी,

भाचा खाम्पन याचा गुडघे टेकून, हात जोडून, कपाळ फरशीला लावून तीनदा नमस्कार. (खरोखर तीनदा घातला. तिसऱ्या वेळी खिशातलं पेन घरंगळून कपाटाखाली गेलं, म्हणून पत्राची सुरुवात पेन्सिलीने आहे.) जेवलात ना? उजवा गुडघा पावसाआधी दुखतो तसा दुखायला लागला का? मामींचा आंबवलेल्या चहाच्या पानांचा विडा डॉक्टरांनी बंद केला असं कळलं, आणि मामींनी तो डॉक्टरच बंद केला असंही कळलं. लाल कोंबडा अजून देवळातल्या घंटेच्या आधी आरवून भिक्षूंची झोपमोड करतो का? इकडे आम्ही सगळे ठीक. आईचा चिकट भात अजून तसाच होतो आणि माझ्या लग्नाबद्दलचा तिचा प्रश्नही तसाच होतो, दोन्ही रोज सकाळी.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं. पण तुम्ही फोन कानाला लावत नाही, ओसरीवरच्या पाटावर ठेवता आणि मामींना ऐकू यावं म्हणून आवाज होता नव्हता तेवढा वाढवता. मामींना येत नाहीच, रस्त्याने जाणाऱ्या सगळ्या बायांना येतं. गेल्या वर्षी मी माझ्या पोटाची तक्रार तुमच्या एकट्याच्या कानावर घातली, तर आठ दिवसांत गावातून चार घरच्या चार मुळ्या आल्या. (त्यातल्या तिघींनी एकच मूळ वेगळ्या नावाने पाठवलं होतं. मी उकळून तिन्ही पाहिली.) तेव्हा हे पत्र मनातल्या मनात वाचावं ही विनंती. का, ते शेवटी कळेल.

मुद्दा असा. तुमच्या लेकीने, सेंगलाताईने, निरोप धाडला की नवव्या महिन्यात गुरुपूजेच्या दिवशी तुम्ही तुमच्या पिआच्या, त्या करवंटीच्या तंतुवाद्याच्या, दांड्यावरचं काशाचं हत्तीचं डोकं मोठ्या भन्तेंच्या हाती देणार. देवळातल्या काचेच्या कपाटात ते ठेवलं जाणार, आणि गुरूंच्या फळीवर ते ज्यात बांधून ठेवलंय ते तांबडं फडकं भन्ते स्वतः सगळ्या गावादेखत सोडणार. शिवाय पिआचा दांडा परसात चवळीच्या वेलाला टेकू म्हणून रोवणार. हे ऐकलं आणि माझ्या हातातला घास हातातच राहिला. मामा, असं करू नका. निदान गुरुपूजेच्या आधी माझं एवढं ऐका, मग दांडा रोवा नाहीतर चुलीत घाला.

तुम्ही चार वर्षं वाजवत का नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. (इथे शहरात लोक मला विचारतात, तुमच्या मामांच्या नावामागे नान का? मी सांगतो, भिक्षू होऊन पुन्हा संसारात आलेल्या माणसाला आमच्याकडे नान म्हणतात. मग विचारतात, परत का आले? मी सांगतो, आमच्या मामींना बघा.) मामींचे कान गेले, फटाक्याची माळ लावली तरी मान वळेना झाली, त्या दिवशी तुम्ही म्हणालात, "जिच्यापायी चीवर उतरवलं तिलाच ऐकू येईना, मग मी वाजवून काय म्हशींना ऐकवू?" पिआचं डोकं उतरवलंत, तांबड्या फडक्यात बांधलंत, आणि हिला ऐकू येईल तेव्हाच हे सुटेल अशी शपथ घातलीत. आता तुम्ही ते सोडायला निघालात म्हणजे आशा सोडलीत. मला तेच खुपतंय. म्हणून सांगतो, घाई करू नका, कारण मला एक गोष्ट सापडली आहे. ती सापडायला मला अठरा वर्षं आणि तीन फजित्या लागल्या, त्यामुळे थोडं मागून सुरू करतो.

माझं घर सलो आणि सुएंग चालवतात, एक घासायचं आणि एक छेडायचं. वास्तुशांत, दीक्षेची मिरवणूक, शाळेचं स्नेहसंमेलन, कुठेही ही दोन वाद्यं नेली की लोक जेवायला घालतात. पिआ मात्र कोणी मागत नाही. मागतील कशी, ऐकू कुठे येते? अर्धी करवंटी उघड्या छातीला लावायची, किंचित उचलायची, पुन्हा दाबायची, आणि बोटांनी तारेतून घंटीसारखा बारीक नाद काढायचा. तो हाताच्या अंतरावर बसलेल्याला ऐकू जातो, त्यापलीकडे डासही जिंकतो. तुम्ही मला पहिली दोन वर्षं तार न लावता नुसती करवंटी छातीवर उघडझाप करायला लावलंत ते आठवतं ना? माझ्या छातीवर त्याचा गोल वळ उठला. आईने मला दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांनी गजकर्णाचं मलम दिलं. मी ते सहा महिने इमानाने लावलं आणि वळ काही गेला नाही, तेव्हा डॉक्टरांनी त्या गजकर्णाची वहीत वेगळी नोंद केली. तेव्हापासून मला एकच प्रश्न पडला आहे. एवढ्या कष्टाने काढलेला आवाज बाहेर जात नाही, तर मग जातो कुठे?

पहिली फजिती एका मोठ्या हॉटेलच्या दालनात, नोकरीवर असताना. व्यवस्थापकबाई म्हणाल्या, "वाद्य फारच गोड आहे, पण अंगात सदरा हवा. आमच्याकडे सहकुटुंब मंडळी येतात." रेशमी सदऱ्यावर करवंटी टेकवली तर आवाज बंद. अगदी साफ बंद. मी तसाच वाजवत राहिलो आणि तीन महिने कोणाच्या लक्षात आलं नाही. उलट पाहुण्यांच्या वहीत "वातावरण अतिशय शांत" असे शेरे यायला लागले. मग माझ्यातली खोड जागी झाली आणि मी प्रयोग केला. एक दिवस तार काढून ठेवली. शेरे तेच. दुसऱ्या दिवशी बोटंही हलवली नाहीत. त्या दिवशी एका म्हाताऱ्या जोडप्याने खास येऊन नमस्कार केला. चौथ्या दिवशी मला डोळा लागला, तेव्हा बाईंनी महिन्याचा उत्तम कर्मचारी म्हणून माझा फोटो लावला. शेवटी मलाच लाज वाटली. मी सदरा उतरवून खरोखर वाजवायला बसलो आणि त्याच संध्याकाळी मला काढून टाकलं.

दुसरी गोष्ट हिवाळ्यातल्या जत्रेची. भरदुपारी मोकळ्या माळावर मंच होता आणि वारा असा की प्रेक्षक गोधड्या पांघरून बसलेले, उघडा मी एकटा. आवाजवाला पोंग मोठा हुशार. तो म्हणाला, "खाम्पनभाऊ, चिंता सोडा, आज तुमची पिआ लांपांगपर्यंत ऐकवतो," आणि त्याने बारका माइक करवंटीच्या आत बसवला. आता मामा, छातीवर करवंटी आणि करवंटीत माइक, म्हणजे ते डॉक्टरांचं नळकांडंच झालं, हे मला किंवा त्याला सुचायला हवं होतं. मी पहिला सूर लावला आणि सबंध माळावर ऐकू आलं ते माझं काळीज. धाड, धाड, धाड. त्यात सकाळी आंबवलेलं डुकराचं मांस खाल्लेलं, तेव्हा मधूनमधून पोटही साथीला येत होतं. मंचावर लांब पितळी नखं घालून नाचणाऱ्या सहा बायका तयारीत उभ्या होत्या. त्यांना वाटलं, ढोल सुरू झाला. बायका त्याच ठेक्यावर हात फिरवायला लागल्या. तो नाच किती संथ असतो तुम्ही जाणताच. त्या नाचताहेत असं बघून मला घाबरायला झालं, घाबरलो तसं काळीज वाढलं, काळीज वाढलं तसा नाच वाढला, नाच वाढला तसा मी आणखी घाबरलो. शेवटी शेवटी तर त्या बायका माश्या हाकलाव्यात तशी नखं झाडत होत्या आणि पुढच्या रांगेतले पाहुणे खुर्च्या मागे सरकवत होते. नाच संपल्यावर पुढारीण माझ्यापाशी आली, धापा टाकत म्हणाली, "मेल्या, तू वाजवतोस की पळतोस?"

त्या जत्रेने मला खोकला दिला. आईने छातीला कापराचं मलम चोळलं, आणि दोन दिवसांनी सरकारी संस्कृतिमेळ्यात करवंटी त्या मलमावरून घसरत घसरत बेंबीवर येऊन थांबली. परीक्षकांनी विचारलं, ही कोणत्या घराण्याची पद्धत? मी खाली मान घालून सांगितलं, माझ्या मामांची. (मामा, क्षमा असावी. दुसरं काही सुचलं नाही.) या प्रत्येक वेळी कोणी ना कोणी जाणतं माणूस मला बाजूला घेऊन तेच विचारायचं, "गुरूंच्या परवानगीची थाळी नीट उचललीस ना रे? फुलं, सुपारी, उकडलेली कोंबडी, सगळं ठेवलंस ना? काही न विचारता तर घेतलं नाहीस ना?" आणि मी म्हणायचो, छे छे, सगळं रीतसर. तुम्हीच विचारलं असतं तरी तेच म्हणालो असतो. त्यापुढे विषय बदलायचो.

आता मूळ गोष्ट. गेल्या चौथ्या महिन्यात सान पातोंगजवळ एका सरपंचांच्या घरी पुण्यकार्य होतं. मला सलो वाजवायला बोलावलं होतं. दुपारी जेवणं झाली, भिक्षू विहारात परतले, माणसं पेंगायला लागली. मी आपला कोपऱ्यात सदरा काढून स्वतःपुरती पिआ वाजवत बसलो. (माझ्या पिआला अलीकडे एक जुनं डोकं मिळालं आहे, नाद फार लांबतो. कुठून मिळालं ते पुढे.) सरपंचांची सासू तिप आजी, वय नव्वदीच्या घरात, टेकायला खांब शोधत आली. सगळ्या खांबांना माणसं टेकलेली. आजीने इकडेतिकडे बघितलं, माझ्यामागे बसली आणि माझ्या पाठीला पाठ लावून खुशाल रेलली. मी म्हटलं, असू दे, म्हातारं माणूस आहे. वाजवत राहिलो. थोड्या वेळाने पाठीत काहीतरी हलतंय असं वाटलं. आजी मान डोलवत होती. मग गुणगुणायला लागली, आणि मामा, तीच चाल! तुम्ही लग्नाआधी मामींच्या कुंपणाशी वाजवायचात म्हणून सांगता, तीच. दुसऱ्या वळणानंतर मी नेहमीप्रमाणे आळस केला आणि सरळ चौथ्यावर गेलो, तर पाठीमागून कोपर बसला. "तिसरं वळण कुणाच्या बापाने घ्यायचं? गाळतोस होय रे चोरा?"

मी म्हटलं, आजी, तुम्हाला ऐकू येतं? आजीने उत्तर दिलं नाही, कारण ऐकू आलं नव्हतं. तिची लेक धावत आली. म्हणाली, "तिला काय विचारता? नऊ वर्षं झाली, ढगफुटी झाली तरी कळत नाही." मग मी आजीला हाताने खुणावलं, पुन्हा टेकवलं, दुसरी चाल धरली. आजीने ती ओळखली. तिसरी धरली, तीही ओळखली आणि माझ्या डाव्या हाताला नावं ठेवली.

तुम्ही मला ओळखता, मला चैन पडेना. मी पुढच्या तीन रविवारी तिथे गेलो. (सरपंचांना वाटलं, मी त्यांच्या धाकटीसाठी येतो. त्यांनी तिसऱ्या रविवारी मला माझी जन्मवेळ विचारली.) आजी आणि मी यांच्यामध्ये उशी ठेवली तर काही नाही. गोधडी ठेवली तर थोडं. आजीने सदरा घातलेला असला तरी चालतं, मी घातलेला चालत नाही. छातीला कान लावला तर नाही, तळहात लावला तर ठेका कळतो पण चाल नाही. पाठीला पाठ, कणा कण्याला, की सगळं. आजी म्हणाली, "कानाने नाही रे येत. इथून येतं," आणि स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं, बरोबर तिथेच जिथे माझं ते गजकर्ण आहे. मामा, अठरा वर्षं मी विचारत होतो की आवाज जातो कुठे. तो बाहेर जातच नाही. तो माणसात जातो. मी घरी येताना सगळा रस्ता रडलो आणि मोटरसायकल दोनदा चुकीच्या गल्लीत घातली.

म्हणून विनंती. डोकं काचेच्या कपाटात घालण्याआधी एकदा, एकदाच, ते दांड्यावर चढवा. सदरा उतरवा. (गुडघ्याला पट्टा असला तरी चालेल, छाती उघडी हवी.) मामींना पाठीशी बसवा. त्या आधी शिव्या देतील, मग विडा मागतील, तोवर वाजवत राहा. होईल की नाही, मला माहीत नाही. तिप आजीचे कान वेगळे असतील, मामींचे वेगळे. पण मला हे कळल्याशिवाय राहवत नाही, आणि तुम्हाला न कळता तुम्ही तो दांडा चवळीला द्यावा हे मला सोसवत नाही. काय झालं ते दोन ओळींत लिहून कळवा. मामींना सविनय नमस्कार, सेंगलाताईकडे आशीर्वाद मागितलाय म्हणून सांगा, लाल कोंबड्याला दम द्या. पायांशी डोकं ठेवून थांबतो.

आपला आज्ञाधारक (शब्दाचा अर्थ खालचं वाचून लावावा),
खाम्पन

ता. क. — डोकं दांड्यावर चढवा असं मी वर लिहिलं खरं, पण तांबडं फडकं सोडू नका. म्हणजे सोडा, पण एकट्याने, दार लावून, आणि भन्तेंनी सोडण्याआधी. त्यात हत्ती नाही. हत्ती तीन वर्षांपूर्वी, नववर्षाच्या पाणीसणाला, सगळे नदीवर गेले असताना मी घेतला. विचारलं नाही, थाळी उचलली नाही. माझ्या पिआवर एवढे दिवस तोच होता. आता परतीच्या वाटेवर आहे. हे पत्र घेऊन येणाऱ्या बसवाल्याकडे चिकट भाताची टोपली दिली आहे, तिच्यात भाताखाली केळीच्या पानात गुंडाळलेला आहे. भात आधी खाऊन घ्या, आईने केलाय. गुरूंसाठी सुपारी, फुलं आणि माझ्या वाटची कोंबडीही पाठवली आहे (उकडलेली), थाळी माझ्या नावाने तुम्हीच उचला आणि मला दोन शिव्या देऊन मोकळे व्हा.

आणखी एक ता. क. — मग फडक्यात आहे काय, हे तुम्ही आता विचाराल. वजन तेवढंच भरेल असं काहीतरी हवं होतं. तुमच्या परसातल्या पाण्याच्या टाकीचा पितळी नळ. तुम्ही तीन वर्षं दर सणाला ज्याच्यावर शिकेकाईचं पाणी शिंपडून हात जोडलेत, तो तोच. शेजारच्या मूनभाऊने नळ चोरला म्हणून तुम्ही तीन वर्षं त्याच्याशी बोलत नाही, त्याच्या म्हशीला तुमच्या बांधावरून जाऊ देत नाही, आणि त्याच्या आईच्या अंत्ययात्रेत दहा हात मागून चाललात. त्याच्याकडे जाऊन या. टोपलीतला अर्धा भात त्याच्यासाठी आहे.

शेवटचं ता. क. — हे लिहायचं नाही असं मी वचन दिलं होतं, पण सगळं माझ्या एकट्याच्या डोक्यावर नको. मी फळीखाली उभा राहून फडकं उघडत होतो तेव्हा मामी विडा विसरल्या म्हणून परत आल्या होत्या. ओरडल्या नाहीत. परसात गेल्या, नळ पिरगाळून आणला आणि माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "ने. इथे तो नुसता धूळ खातो आणि हा माणूस त्याच्याकडे बघत बसतो. तू वाजव, आवाज जातो कुठे ते शोधून काढ, आणि सापडला की परत आण. मला ऐकायचंय." तेव्हा मामा, तो नळ आजच्या आज टाकीला बसवा. तीन वर्षं तिथल्या बुचातून रात्रंदिवस ठिबकतंय. मामींना त्याचा काही त्रास नाही, पण तुम्हाला वाजवायला तेवढी शांतता लागेल.